दादरचे नाव आणि दादरचा नळ



दादर स्थानकास ‘चैत्यभूमी’ हे नाव द्यावे, ही आपल्या समाजाची जुनी मागणी आहे. ६ डिसेंबर जवळ आला की ती नव्याने पुढे येते, निवेदने जातात, फलक लागतात; आणि तितक्याच नियमाने तिच्या विरोधकांचा सूरही ऐकू येऊ लागतो. कोणी म्हणतो, नावात काय आहे? कोणी म्हणतो, दादर हे नाव लोकांच्या तोंडी बसले आहे, ते कशाला बदलता? कोणी साळसूदपणे विचारतो की, एवढ्या थोर पुरुषाची स्मृती लोकलच्या एका स्थानकाला कशाला बांधता? या सर्वांना आम्ही एवढेच विचारतो की, १९९६ साली व्हिक्टोरिया टर्मिनसचे नाव बदलले, २०१७ साली त्यात ‘महाराज’ हा शब्द घातला गेला, २०१८ साली एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी झाले, तेव्हा हे प्रश्न आपल्या ओठांवर का आले नाहीत? शिवछत्रपतींच्या नावाविषयी आम्हाला आदरच आहे. पण तेथे जो न्याय, तो येथे का नाही, याचे उत्तर कोणी देत नाही, आणि ते का देत नाहीत हे आपण सर्व जाणतो.

बाबासाहेबांचे राजगृह दादरच्या पूर्वेस हिंदू कॉलनीत आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी त्यांची अंत्ययात्रा तेथून निघाली आणि पश्चिमेस समुद्रकिनारी पोहोचली. तेथे जमलेल्या अफाट जनसमुदायास भदंत आनंद कौसल्यायन यांनी चितेच्या साक्षीने धम्मदीक्षा दिली. त्यांनी ज्या घरात ग्रंथ वाचले आणि ज्या वाळूत त्यांचा देह अग्नीला दिला गेला, त्या दोहोंच्या मधोमध हे स्थानक आहे. या स्थानकाला त्यांच्या चैत्याचे नाव मागणे यात अवास्तव ते काय? दादर या शब्दाचा जुना अर्थ जिना असा आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायका’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा देऊन, वरखाली जाण्यास त्याला वाटच नाही, हे दाखवून दिले होते. तेव्हा जिना हे जुने नावही आम्हाला टाकाऊ वाटत नाही. तरी नव्या नावाची मागणी समाजाने सोडू नये, असेच आमचे मत आहे.

विरोधकांना एवढे उत्तर पुरे. आज आम्हाला बोलायचे आहे ते आपल्याशी.

नाव मिळाले की स्थानक आपले झाले, अशा समजुतीत आपण राहू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी, एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणाऱ्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे मेली. पोटासाठी घराबाहेर पडलेली माणसे ती. पुढे लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घ्यावा लागला. तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुला झाला, आणि त्याच वर्षी जुलैत स्थानकाचे नाव बदलले. नावासाठी ठराव आणि अर्ज पुरले. पुलासाठी मात्र प्रेते पडावी लागली. उद्या दादरच्या फलाटावर ‘चैत्यभूमी’ ही अक्षरे लागली आणि त्याच अक्षरांखाली विदर्भातून अठरा तास उभ्याने आलेल्या म्हाताऱ्या आईला प्यायला पाणी मिळाले नाही, तर त्या अक्षरांचे आपण काय करणार आहोत?

पाण्याचाच विषय घेऊ, कारण आपल्या लढ्याचा आरंभ पाण्यापासून झाला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी धावली तेव्हा पुष्कळ सोवळ्यांना प्रश्न पडला की, एकाच बाकावर कोणाही शेजारी बसावे लागले तर धर्माचे काय होणार? धर्माची तोड त्यांनी लवकरच काढली. डब्यात बसणे टाळता येईना, तेव्हा फलाटावरचे पाणी वाटून घेतले. इंग्रजी अमलात स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी भांडी असत, आणि हिंदू पाणी वाढणारा माणूस उच्च जातीचाच लागे. त्याला ‘पानीपांडे’ असे नावच पडले होते. या दोन भांड्यांपैकी आपल्या आजोबा-पणजोबांचे भांडे कोणते होते, ते घरातील वृद्धांना विचारा. ज्याने तिकिटाचे पैसे इतरांइतकेच मोजले होते, त्याने पाण्यासाठी ओंजळ पसरावी आणि वरून धार पडावी, ही तेव्हाची प्रवासी सेवा!

बाबासाहेब स्वतः या सेवेचे अनुभवी होते. १९०१ साली, दहा वर्षांचेही झाले नसताना, ते भावंडांसह वडिलांकडे निघाले आणि मसूर स्थानकावर उतरले. घ्यायला कोणी आले नव्हते. चांगले कपडे घातलेली मुले पाहून स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. पण ‘आम्ही महार’ हे शब्द कानी पडताच त्याचा चेहरा पालटला. भाड्याची बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा एक गाडीवान तयार झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने पायी चालावे. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. या हकिगतीत आगगाडीने त्या मुलांना कुठेही अडविले नाही, हे ध्यानात घ्या. यंत्राला जात ठाऊक नसते. ती ठाऊक असते फलाटावरच्या माणसाला.

आणि या फलाटावरच्या माणसांत आपल्याला जागा कोणती होती? १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामकऱ्यांचे दोन शत्रू होत, असे बाबासाहेबांनी जेथे निक्षून सांगितले, तीच ही परिषद. रेल्वेत अस्पृश्याच्या वाट्याला गँगमनचेच काम का येते, याची मीमांसा त्यांनी तेथे केली. रुळांची खडी उपसायला अस्पृश्य चालतो. पण पोर्टर म्हणून तो सहसा घेतला जात नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि स्टेशन मास्तर बहुधा सवर्ण असतो! ही रेल्वे सरकारच चालवीत होते. तिच्या नेमणुका मात्र स्टेशन मास्तरच्या स्वयंपाकघराच्या सोवळ्यावर ठरत होत्या.

आता कोणी म्हणेल, हे सारे इंग्रजी अमलातले. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ साली कायदा झाला, १९७६ साली तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून अधिक कडक झाला, आणि सार्वजनिक वाहनात कोणाला मज्जाव करणे हा आता गुन्हा आहे. हे सर्व खरे आहे. या खऱ्याचा आधार घेऊनच आम्ही सांगतो की, एखाद्या पहाटे लांब पल्ल्याच्या गाड्या थांबतात त्या फलाटावर उभे राहा आणि खालच्या रुळांकडे पाहा. हातात फावडे, झाडू आणि पाण्याची नळी घेऊन तेथे कोण उतरतो? त्याचे आडनाव विचारू नका, त्याचा अपमान होईल. पण त्याच्या बापाने काय काम केले, हे त्यानेच सांगितले तर ऐका.

२०१३ साली संसदेने हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा केला. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘रेल्वेचा रूळ’ हे शब्द स्पष्ट लिहिले आहेत. परंतु त्याच व्याख्येच्या पोटात एक पळवाटही ठेवली आहे : सरकारने ठरविलेली साधने आणि संरक्षक पोशाख वापरून जो मैला साफ करतो, त्यास कायद्याच्या दृष्टीने मैला साफ करणारा मानावयाचे नाही! हातमोजा चढविला की मैल्याचे नाव बदलते, माणूस तोच राहतो. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, रुळांवरील ही प्रथा बंद करण्यासाठी रेल्वेने मुदतबंद योजना आखावी, असे बजावले. त्यानंतर प्रवासी डब्यांतून जैव-शौचालये बसविण्यात आली, रुळांवर पडणारी घाण पुष्कळ कमी झाली. हे झाले ते चांगलेच झाले. विरोधासाठी विरोध आम्हाला करावयाचा नाही. पण झाडू कोणाच्या हाती, हा प्रश्न त्याने सुटला नाही. तो झाडू रेल्वेने आपल्या हातून काढून कंत्राटदाराच्या हाती दिला, आणि कंत्राटदाराने तो पुन्हा त्याच वस्तीत नेऊन दिला. पूर्वी निदान रेल्वेचा शिक्का, निवृत्तिवेतन आणि राहायला खोली तरी होती. कंत्राटाने सोवळे तेवढे शिल्लक ठेवले, आणि वर सुरक्षितता काढून घेतली.

दीक्षा घेतलेल्या प्रत्येक कुटुंबास आमचे सांगणे आहे की, घरात कोणी या कामावर असेल तर त्याची लाज धरू नका, परंतु ते काम वारसाने मुलाकडे जाऊ देऊ नका. जोवर ते करावे लागते तोवर बूट, मोजे, किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, पगाराची पावती, यांतील एकही गोष्ट सोडू नका. कंत्राटदाराने वेतन बुडविले तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे रेल्वेवर येते, हे त्याला वाचून दाखवा. शेजारच्या खोलीतला शिकलेला मुलगा एवढे करू शकला नाही, तर त्याच्या शिक्षणाचा समाजाला उपयोग कोणता?

रेल्वेच्या नोकरीचा विषय निघालाच आहे, तर नव्या पिढीला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ प्रथम हिंदूंपुरता होता. १९५६ साली शिखांचा त्यात समावेश झाला. बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या काळात महाराष्ट्र राज्याने आपल्या अखत्यारीत बौद्धांना सवलती दिल्या. पण रेल्वे पडली केंद्राची. त्यामुळे दादर स्थानकाच्या बाहेर, राज्याच्या कचेरीत ज्याला राखीव जागा मिळे, त्याच बौद्धाला स्थानकाच्या आत, तिकीट-खिडकीमागच्या खुर्चीसाठी ती मिळत नसे. चौतीस वर्षे हे चालले. अनेकांनी घरात बुद्धवंदना केली आणि अर्जावर ‘हिंदू महार’ लिहिले. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नाही. भाकरीसाठी धर्म लपविण्याची पाळी ज्या कायद्याने आणली, दोष त्या कायद्याचा. मात्र १९९० नंतर ती पाळी राहिलेली नाही. आज रेल्वेभरतीचा अर्ज भरणारा बौद्ध तरुण धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहितो आणि ज्या अनुसूचित जातीतून त्याचे कुटुंब दीक्षित झाले तिचे प्रमाणपत्र जोडतो, तेव्हा तो कोणतीही लबाडी करीत नाही. कायद्याने त्याला दिलेले ते अधिकार आहेत. प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात असल्याची खात्री तेवढी करून घ्यावी, कारण राज्याचा कागद केंद्राच्या दारी चालत नाही, हा अनुभव पुष्कळांनी वय निघून गेल्यावर घेतला आहे. २०२७ ची जनगणना जाहीर झाली आहे. तीतही धर्म विचारला की बौद्ध म्हणूनच सांगा. गणनेत जो लपतो त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

लपण्यावरून डब्यातली गोष्ट आठवते. कल्याण, अंबरनाथ, विरारहून रोज एकाच गाडीने येणाऱ्यांचे डब्यात गट पडतात. ओळख वाढली की प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’ आडनावावरून अंदाज लागला नाही तर ‘मूळ गाव कोणते?’, आणि तेही पुरले नाही तर राखीव जागांचा विषय काढून चेहरा पाहिला जातो. मसूरच्या स्टेशन मास्तरने सरळ विचारले होते, आताचा सहप्रवासी वळसा घेऊन विचारतो, एवढाच शंभर वर्षांतला फरक. अशा वेळी आपले किती सुशिक्षित बांधव खिडकीबाहेर पाहू लागतात! आडनाव बदलणे न बदलणे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण ‘मी बौद्ध आहे’ हे तीन शब्द उच्चारायला ज्याची जीभ अडखळते, त्याने बावीस प्रतिज्ञा कोणाच्या जिभेने उच्चारल्या?

याची कसोटी दसऱ्याला लागते. त्या दिवशी लोकलच्या डब्यांना तोरणे लागतात, हार घातले जातात, आरती होते, पेढे वाटले जातात, आणि त्यासाठी आधीच वर्गणी गोळा होते. बायकांच्या डब्यात संक्रांतीला हळदीकुंकू होते, आणि तेथे कोणाला कुंकू लावायचे नाही हेही न बोलता ठरलेले असते. रोजची ओळख, चौथ्या सीटची सोबत, नाही कसे म्हणावे? म्हणून आपला माणूस पन्नास रुपये काढून देतो. पण दसरा म्हणजे अशोक विजयादशमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्याच दिवशी नागपूरला आपण देव सोडले. ज्या दिवशी सोडले त्याच दिवशी त्यांच्या आरतीची वर्गणी द्यायची, हा कोणता धम्म? भांडू नका, कोणाच्या श्रद्धेची टवाळी करू नका. वर्गणी नाकारा आणि कारण सांगा. पेढा दिला तर पेढा म्हणून खा, प्रसाद म्हणून नको.

येथे आमचे एक मत काही वाचकांना रुचणार नाही, तरी सांगतो. त्यांनी डब्यात देव मांडला म्हणून आपणही त्याच डब्यात बाबासाहेबांची तसबीर लावून हार घालावा, असे काही तरुण सुचवितात. आम्हाला ते मान्य नाही. डबा सर्वांचा आहे, म्हणून तो कोणाच्याच देव्हाऱ्याचा नसावा. आपण आज तसबीर लावली, तर उद्या देव्हारा काढा असे कोणत्या तोंडाने म्हणणार?

आता ६ डिसेंबरचे. दरवर्षी या सुमारास शहरातील काही सभ्य गृहस्थांना घाणीची, गर्दीची आणि विनातिकीट प्रवाशांची फार चिंता लागते. त्याच दादरच्या चौपाटीवर गणपतींचे विसर्जन होते, रात्रभर गाड्या सोडल्या जातात, दुसऱ्या दिवशी वाळूत निर्माल्य आणि मूर्तींचे अवशेष पडलेले असतात. त्याला उत्साह म्हणतात. आपली माणसे रांगेत तासन्‌तास उभी राहतात, दर्शन घेतात आणि शिवाजी पार्कवरून पुस्तके विकत घेऊन परततात. त्याला गैरसोय म्हणतात. पुस्तकाच्या ओझ्याने गैरसोय होणारी ही एकच जत्रा जगात असेल.

परंतु त्यांच्या तोंडाला कुलूप लावण्याचा एक मार्ग आपल्या हाती आहे, तो म्हणजे तिकीट. रेल्वे नागपूरहून खास गाड्या सोडते, ५ आणि ६ डिसेंबरच्या मध्यरात्री खास लोकलही धावतात. त्या उपकार म्हणून धावत नाहीत, आपण तिकीट काढतो म्हणून धावतात. तिकिटावर जात छापलेली नसते. ज्याच्या खिशात ते आहे, तो नळ कोरडा का, असे ताठ मानेने विचारू शकतो. ज्याच्या खिशात नाही, तो तपासनीस दिसताच तोंड चुकवतो, आणि त्याच्याबरोबर साऱ्या समाजाची मान खाली जाते. घरातून निघताना फुले राहिली तरी चालतील, तिकीट राहू देऊ नका.

आणि तिकीट काढल्यावर मात्र काहीही सोडू नका. पिण्याचे पाणी, शौचालय, दिवे, पंखे, बसायला बाक, डोक्यावर छप्पर, या प्रत्येक स्थानकावरच्या किमान सोयी म्हणून रेल्वेने स्वतःच मान्य केल्या आहेत. नळाशेजारी बाटलीबंद पाण्याचे दुकान मांडले आणि नळ कोरडा राहिला, तर ते नव्या तऱ्हेचे सोवळे समजा. पूर्वी जात पाहून पाणी देत, आता खिसा पाहून देतात. चवदार तळ्यावर आपण २० मार्च १९२७ रोजी गेलो ते पाणी विकत घेण्यासाठी गेलो नव्हतो. भगिनींचा प्रश्न तर याहून बिकट आहे. सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषास फुकट आणि स्त्रीला पैसे, हा अन्याय मुंबईत इतका रुळला होता की त्याविरुद्ध २०११ मध्ये ‘राइट टू पी’ या नावाने स्त्रियांना चळवळ उभी करावी लागली. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाईने पाणी कमी प्यावे म्हणजे बाहेर जाण्याचा प्रश्न येणार नाही, अशी युक्ती आपल्याच घरातील पुरुष सांगतात. त्यांनी ती युक्ती एकदा स्वतः करून पाहावी.

तक्रार तोंडी करू नका. स्टेशन मास्तरकडे तक्रारवही असते, ती मागा. देणे त्याला भाग आहे. १३९ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो, तेथे मिळालेला तक्रार क्रमांक टिपून ठेवा. वस्तीतल्या विहारात एक वही ठेवून प्रत्येक तक्रारीची तारीख, वेळ, क्रमांक आणि आलेले उत्तर तीत उतरवून घ्या. वर्षाच्या शेवटी ती वही घेऊन शिष्टमंडळ गेले तर अधिकाऱ्याला हसण्यावारी नेता येणार नाही. दादरविषयी लिहिताना एक काळजी घ्या. ९ डिसेंबर २०२३ पासून तेथील फलाटांचे क्रमांक सलग केले आहेत. १ ते ७ पश्चिम रेल्वेचे, ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुना क्रमांक लिहिलात तर मध्य रेल्वेच्या नळाची तक्रार पश्चिम रेल्वेच्या टेबलावर जाईल, आणि तेथला कारकून आपला नळ चालू असल्याचे उत्तर खरेपणाने देईल.